बरोबर उत्तरातली चूक

०.४ मोठा की ०.३५?

सहावीच्या मुलांना घरी सोडवायला दिलेल्या ऑनलाइन चाचणीत हा प्रश्न होता. काहींनी ०.३५ मोठा ठरवला. हे होणारच होतं. ३५ हे ४ पेक्षा मोठे, एवढाच त्यांचा हिशेब. बाकीच्यांच्या नावापुढे हिरवी खूण. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या हिरव्या खूणवाल्यांपैकी एकीला सहज विचारलं, "कसं गं ठरवलंस?"

"बाई, शतांश म्हणजे बारीक तुकडे ना? मग ०.३५ लहानच असणार."

मी विचारलं, मग ०.४ आणि ०.७५ मध्ये मोठा कोणता? ती तितक्याच ठामपणे म्हणाली, ०.४.

चाचणीच्या लेखी या मुलीला दशांश अपूर्णांक येत होते. पुढचा धडा तिच्यासाठी उघडलाही होता.

ऑनलाइन आणि वर्ग यांची सांगड घालून 'प्रत्येक मुलाला त्याच्या गतीने' शिकवण्याबद्दल सध्या खूप बोललं जातं. मी स्वतः हे करते आणि मला ते मनापासून पटलेलं आहे. सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ मूल घरी तीनदा थांबवून पाहू शकतं. वर्गात मला तीनदा थांबवायचं धाडस फार थोडी मुलं करतात. २००७ च्या सुमारास अमेरिकेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक गैरहजर मुलांसाठी आपले तास रेकॉर्ड करू लागले. समजावणं घरीच ऐकून झालं, तर वर्गातला वेळ मुलं अडतात तिथे त्यांच्याजवळ बसायला मिळतो, हे त्यातून त्यांच्या लक्षात आलं. या पद्धतीचा खरा लाभ हा मोकळा झालेला वेळच आहे, असं माझं मत.

म्हणूनच काळजी वाटते ती या वेळाचं पुढे काय होतं याची. अनेक ठिकाणी तो सरळ कापला जातो. सॉफ्टवेअर आलं, आता एका शिक्षकाला आणखी एक तुकडी देता येईल, असा विचार होतो. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचा २००९ चा अहवाल याच्या समर्थनार्थ पुढे केला जातो, कारण मिश्र पद्धतीने शिकणारे निव्वळ वर्गात शिकणाऱ्यांपेक्षा सरस ठरल्याचं त्यात आहे. पण मिश्र पद्धतीत बऱ्याचदा शिकायचा वेळ आणि साहित्यही जास्त होतं, म्हणून याचं श्रेय केवळ माध्यमाला देऊ नका, हेही त्याच अहवालात आहे. ते वाक्य कुणी वाचून दाखवत नाही.

आणि 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं' अशी विभागणी म्हणजे व्यक्तिगत शिक्षण नव्हे. तशा शिकवण्याला पुरेसा आधार नाही, असं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात मानसशास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय.

त्या मुलीला मी शंभर चौकटींचा कागद दिला. तिने ०.७५ साठी पंच्याहत्तर चौकटी रंगवल्या. ०.४ साठी आधी चारच रंगवल्या, मग थांबली, पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. शेजारच्या मुलाने न राहवून सांगितलं, "अगं, चार उभ्या रांगा!" तो स्वतः ०.३५ मोठा म्हणणाऱ्यांतला. दोघांच्या चुका अगदी उलट, आणि एकमेकांशी वाद घालताना दोघंही सावरली. आपापल्या गतीने वेगवेगळ्या पडद्यांवर पुढे सरकत असती, तर ही दोघं एकमेकांना भेटलीच नसती.

आता मी चाचणीतल्या प्रत्येक प्रश्नाखाली 'कसं ठरवलंस?' अशी एक ओळ ठेवते. मुलं मोडकंतोडकं लिहितात, पण लिहितात. त्यावरून दुसऱ्या दिवशीचे गट ठरतात, आणि ते आठवड्यापुरतेच, कारण गट कायमचे झाले की मुलं त्यातच स्वतःची हुशारी मोजू लागतात. ज्यांच्या घरी फोन एकच आणि तो रात्री उशिरा हाती येतो, ती मुलं शाळेतच व्हिडिओ बघतात.

चाळीस मुलांची ती एकेक ओळ वाचायला मला पाऊण तास लागतो. तो पाऊण तास आज कुठल्याच वेळापत्रकात नाही. शाळांनी नवं ॲप घेण्याआधी आम्हाला तेवढा वेळ द्यावा, एवढंच माझं मागणं आहे.