दोन चमचे तेलातला रस्सा

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर यांचा रक्ताचा रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, २८६. असायला हवं १५० च्या आत. डॉक्टरांनी लगेच गोळी लिहून दिली नाही, तीन महिन्यांची मुदत दिली आणि चार गोष्टी सांगितल्या. चहातली साखर, रात्रीचा भात, साडेदहाला जेवायची सवय आणि स्वयंपाकातलं तेल. पहिल्या तीन गोष्टी आठवड्याभरात मार्गी लागल्या. चौथी माझ्या हातात होती आणि तिथेच गाडी अडली. आमच्याकडे रोज रस्सा लागतो. नुसत्या सुक्या भाजीवर ताट वाढलं की सासूबाई विचारतात, "आज कालवण नाही का गं?"

तेव्हापासून मी या एका गोष्टीच्या मागे लागले आहे. कमी तेलाचा, पण ताटात घेतल्यावर रस्साच वाटेल असा रस्सा. पोस्ट मोठी होणार आहे. ज्यांच्या घरात असा रिपोर्ट आलाय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवातीला मी चुकले. तेल पूर्ण बंद केलं. कांदा-टोमॅटो उकडले, मिक्सरला लावले, मसाला टाकला आणि उकळी काढली. वास कच्चा, रंग फिकट विटकरी, भाकरी बुडवली तर पाणी एकीकडे आणि चोथा एकीकडे. चौघंही मुकाट जेवली. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी मुलाने बाहेरून भाजीचं पार्सल आणलं, आणि मी त्याला काही बोलू शकले नाही. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने ताटावर बसून तोंड बारीक करावं, याचं मला फार वाईट वाटलं.

पण त्या पार्सलनेच मला शिकवलं. उरलेली भाजी मी स्टीलच्या वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवली होती. सकाळी पाहिलं तर वर लालभडक तेलाचा बोटभर थर. चहाच्या चमच्याने काढत गेले आणि मोजत गेले. सहा चमचे भरले. म्हणजे ३० मिली, वजनात सुमारे २७ ग्रॅम. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, म्हणजे नुसत्या तरंगत्या तेलाच्या जवळपास अडीचशे कॅलरी झाल्या. आत मुरलेलं तेल वेगळंच.

मग घरचा हिशोब मांडला. आमच्याकडे महिन्याला पाच लिटरचा कॅन लागायचा. माणसं चार. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. भागाकार केला तर माणशी रोज ३८ ग्रॅम आले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ आणि बाईला २० ग्रॅम वरचं तेल-तूप सांगितलं होतं. अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला ४०. म्हणजे आम्ही चौघं खुर्चीवर बसून शेतात राबणाऱ्या माणसाचं तेल खात होतो. मला तो कागद बघून धस्स झालं. कॅन मीच आणत होते आणि मीच रिकामा करत होते.

आता मुद्द्याचं. रस्सा दाट कशाने होतो? आपल्याला वाटतं तेल, खोबरं आणि काजूने. माझी आई वैजापूरकडची. तिच्या हातचा रस्सा मी आठवून आठवून पाहिला. तेलाची बाटली चुलीपाशी असायची, पण पळी एवढीशी. करडईचं तेल घाण्यावरून यायचं, ते जपूनच वापरलं जायचं. आणि तरी तिची आमटी भाकरीला धरून राहायची, कारण तिच्या डब्यात येसर असायचा. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. दोन चमचे येसर पाण्यात कालवून ओतला की आमटीला अंग यायचं. आणि कांदा ती आरात पुरायची. चूल विझत आली की राखेखाली दोन-तीन कांदे ढकलायचे, भाकऱ्या होईपर्यंत ते आत मऊ लोण्यासारखे व्हायचे.

रस्सा दाट होतो भाजण्याने आणि बारीक वाटण्याने. हे मी लहानपणी रोज पाहिलं होतं, आणि लग्नानंतर पंचवीस वर्षं कढईत पाव वाटी तेल ओतून कांदा तळत बसले होते.

आता मी काय करते ते सांगते. गॅसवर जाळी ठेवायची. चार मध्यम कांदे सालासकट, सुरीच्या टोकाने दोन-तीन ठिकाणी टोचून. टोचायला विसरू नका, नाहीतर फुटतो आणि चटका बसतो. आधी वरची साल तडतडते, काळी पडून उडायला लागते. मग टोचलेल्या भोकातून रस येतो आणि ज्योतीवर चर्रर्र करत जळतो, आणि त्याच क्षणी घरभर वास पसरतो. चुलीवरच्या स्वयंपाकाचा वास. चिमट्याने फिरवत राहायचं. बारा-पंधरा मिनिटांनी कांदा दाबला की मऊ लागतो. ताटाखाली पाच मिनिटं झाकून ठेवायचा, मग काळी साल हाताने सुटते. थोडी काळी चिकटून राहिली तर राहू द्या, तोच आपल्या काळ्या रश्शाचा रंग. त्याच जाळीवर दोन टोमॅटो, लसणाचा अख्खा गड्डा आणि आल्याचा तुकडा. एक थेंब तेल न घालता गोडवा आणि खमंगपणा दोन्ही मिळतो, कारण कांद्यातली साखरच भाजली जाते.

कांदा कुठला घेता यानेही फरक पडतो. आपण नाशिककर, लासलगाव हाकेच्या अंतरावर, आपल्याला हे कळायलाच हवं. चाळीतला उन्हाळी कांदा असेल तर वाटण घट्ट होतं. दिवाळीच्या सुमाराला येणाऱ्या नव्या लाल कांद्यात पाणी जास्त, तेव्हा एक कांदा वाढवा किंवा वाटण जरा जास्त वेळ आटवा.

आता अंग येण्यासाठी दोन गोष्टी. पहिली, कोवळा दुधी. हसू नका. दुधी सोलून दीडशे ग्रॅम फोडी वाफवायच्या आणि वाटणातच फिरवायच्या. १०० ग्रॅम दुधीत पंधराएक कॅलरी असतात आणि वाटल्यावर तो इतका मऊ होतो की रश्शाला साय घातल्यासारखी धार येते. माझ्या सासूबाईंना दुधीची भाजी अजिबात चालत नाही, त्यांना सहा महिने कळलं नाही. मात्र चिरताना एक फोड जिभेला लावून बघाच. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या, शिजवून कडूपणा जात नाही आणि कडू दुधीने खरंच विषबाधा होते. दुसरी गोष्ट, डाळं. चिवड्यात घालतो तेच. एक मोठा चमचा पुरतं. रस्सा फुटत नाही, पाणी वेगळं होत नाही. डाळं संपलं असेल तर ज्वारीचं पीठ कोरडं भाजून घ्या. येसर असेल तर प्रश्नच नाही.

खोबरं मी सोडलेलं नाही. खोबऱ्याशिवाय काळा रस्सा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. पण आधी अर्धी वाटी किसून घालायचे, आता मोठा एक चमचा, तेही तव्यावर कोरडं, पार तांबूस होईपर्यंत भाजलेलं. भाजल्यावर थोड्याचीच चव खूप लागते. काजू मात्र बंद. आपल्या रश्शात काजू कधी होते? हॉटेलातल्या पनीरच्या भाज्या घरी करायला लागलो तेव्हा ते आले.

हे सगळं अगदी बारीक वाटायचं. भरड वाटण पाणी सोडतं. कोमट पाणी घालून मिक्सर दोनदा फिरवा, बोटावर घेऊन चोळल्यावर कण लागता कामा नये.

मग तेल. दोन चहाचे चमचे, चौघांच्या रश्शाला. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, मसाल्याचा सुगंधही तेलातच उतरतो, म्हणून तेल अगदी शून्य करून चालत नाही. पण ते कधी घालायचं यात सगळं आहे. एक चमचा सुरुवातीला, जाड बुडाच्या कढईत. मोहरी-जिरं, हिंग, कढीपत्ता, मग वाटण. वाटण खाली लागायला लागलं की तेल नाही ओतायचं, पाण्याचा हबका मारायचा. परत लागलं, परत हबका. असं सात-आठ मिनिटं. रंग गडद होतो, कच्चा वास जातो. काळा मसाला आणि हळद यातच. मग गरम पाणी, मीठ, भाजी किंवा उसळ, आणि मंद आचेवर दहा मिनिटं तरी. दुसरा चमचा राखून ठेवायचा. वाढायच्या आधी कडल्यात तो गरम करून, गॅस बंद करून, त्यात पाऊण चमचा लाल तिखट घालायचं आणि लगेच रश्शावर ओतायचं. वर लाल ठिपके पसरतात. ताटात बघणाऱ्याला तर्री दिसते. आहे एक चमचा.

हिशोब सांगते. पूर्वी चौघांच्या रश्शाला माझं तेल अर्धी वाटी, म्हणजे ७५ मिली, सुकं खोबरं ५० ग्रॅम, काजू २० ग्रॅम. कांदा-टोमॅटो धरून साडेबाराशे कॅलरीच्या आसपास, वाटीमागे तीनशेच्या वर. आता कांदा, टोमॅटो, दुधी, डाळं, एक चमचा खोबरं आणि दोन चमचे तेल मिळून चारशे. वाटीमागे शंभर. यात भाजी किंवा मटकी धरलेली नाही, ती दोन्हीकडे सारखीच. कांदा थोडा लहानमोठा झाला तर आकडा इकडेतिकडे होईल, पण तिप्पटीचा फरक राहतोच.

एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. आपल्याकडे तवंग हा मानाचा विषय झालाय. पाहुणा आला आणि रश्शावर बोटभर तेल नसलं तर घरच्या बाईने हात आखडता घेतला असं समजतात. सासूबाईंचं म्हणणं तेच होतं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. त्यांच्या लहानपणी तेल रेशनवर रांगेत उभं राहून आणावं लागायचं. ज्या घरात तवंग दिसला ते घर भरलेलं. ज्याच्यावर प्रेम त्याला वरची तर्री. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर यांचा रिपोर्ट ठेवला आणि म्हटलं, "आई, आता माया करायची तर कमी तेल वाढायला लागेल." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्याच जाळीपाशी स्टूल घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, कांदे मी भाजते, तू पोळ्या कर. आता ते खातं त्यांच्याकडेच आहे, आणि त्यांच्याइतका एकसारखा भाजलेला कांदा मला जमत नाही.

मिसळीबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगते. नाशिकमध्ये राहून मिसळ सोडा असं मी कुणालाही म्हणणार नाही. महिन्यातला एक रविवार आम्ही गंगापूर रोडला जातो आणि तर्रीसकट खातो. मला अडचण आहे ती रोजच्या ताटात मिसळीचा कट येण्याची. रोजचं जेवण रोजचं असावं.

आणि तेल कमी केलं म्हणून मीठ वाढवू नका. हा मोह फार होतो, कारण चव उतरल्यासारखी वाटते. दिवसाला माणशी पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, हीच जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि पापड-लोणच्यातच त्यातलं बरंच संपतं. तयार ग्रेव्हीच्या पाकिटांत तर मीठ आणि तेल दोन्ही असतं, पाकिटामागची बारीक अक्षरं एकदा चष्मा लावून वाचा. चव कमी वाटली तर लिंबू पिळा, चिंचेचा कोळ घाला, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट वाटणात टाका. आंबटपणा आला की मिठाची आठवण होत नाही.

तीन महिन्यांनी यांचा रिपोर्ट १७२ आला. हे फक्त रश्शामुळे झालं असं मी म्हणणार नाही. साखर गेली, भात अर्ध्यावर आला, रोज संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवर चार फेऱ्या होतात. पण तेलाचा कॅन आता पाच लिटरवरून तीनवर आलाय, म्हणजे माणशी २३ ग्रॅम, आणि ताटावर कुणाचं तोंड बारीक होत नाही. औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून काय ते ठरवा.

रोज कोण कांदे भाजत बसणार, असं नोकरी करणाऱ्या मैत्रिणी विचारतात. बरोबर आहे. मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या बाजारातून कोवळे दुधी आणते आणि त्या संध्याकाळी डझनभर कांद्यांचं वाटण एकदमच करते. पाणी न घालता घट्ट वाटलं तर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला. वड्या झाल्या की पिशवीत काढायच्या, महिनाभर आरामात टिकतात. चौघांच्या रश्शाला आठ वड्या पुरतात. मुलगी पुण्याला खोलीवर राहते, ती आली की परत जाताना थर्मासच्या डब्यात तिला वीस वड्या देते. तिच्याकडे एकच शेगडी आहे, तिचा रस्सा पंधरा मिनिटांत होतो.