फुलं दाबणारी बाई

फुलानं जायचं कुठं, हे आपल्याकडे ठरलेलं आहे. देवाच्या डोक्यावर, बाईच्या केसांत, नाहीतर सत्कारमूर्तीच्या गळ्यात. चौथी जागा काढली की लोक संशयानं बघायला लागतात. मी फुलं दाबते. म्हणजे कागदात घालून, वर वजन ठेवून, चपटी करून सुकवते आणि त्यांची भेटकार्डं करते. एवढं साधं वाक्य पुण्यात कुणालाही एका दमात सांगता येत नाही. ‘दाबते’ म्हटलं की समोरचा थांबवतो आणि विचारतो, ‘का?’

आमच्या कोथरूडच्या गल्लीत उजाडायच्या आत फुलं तोडणाऱ्यांची फौज निघते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात टोकाला आकडी लावलेली काठी. फांदी कुंपणाबाहेर आली की ती सार्वजनिक, असा एक अलिखित कायदा आहे. मालकानं गॅलरीतून ‘कोण आहे तिकडे?’ असं ओरडून विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘देवाला हवीत.’ यावर पुणेकरसुद्धा निरुत्तर होतो. माझी ती सोय नाही. मी ‘कार्डाला हवंय’ असं खरं ते सांगितलं, तर एक आजोबा लेंग्याची नाडी सावरत दोन मजले उतरून आले. आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तिथंच उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीत आजोबांचीच अर्धी जास्वंद होती. त्यांनी आजोबांकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, ‘काय एकेक माणसं असतात!’

वास्तविक काकूंचं आणि माझं भांडण व्हायचं कारणच नाही. त्यांच्या देवाला चालतं ते माझ्या कामाचं नसतं. जास्वंद इतकी बुळबुळीत की कागदाला चिकटते आणि सोडवताना निम्मी तिथंच राहते. झेंडू इतका जाड की आतून कुजतो, त्याची एकेक पाकळी सुटी करावी लागते. प्राजक्ताच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी पडतात, देठ मात्र केशरीच राहतो. लाल गुलाब महिन्याभरात वाळक्या आमसुलासारखा दिसतो. मला हवी असतात देवानं नाकारलेली फुलं. बोगनवेल, उदाहरणार्थ. तिचा गुलाबी भाग मुळात फूल नाहीच, ती पानं. खरं फूल म्हणजे मधली पांढरी काडी. पण तो गुलाबी भाग जन्मतःच कागदासारखा, त्यामुळे माझं निम्मं काम झाडानंच करून ठेवलेलं असतं. आणि पाऊस ओसरला की टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेला माजतो तो केशरी-पिवळा कॉसमॉस. हा मूळचा मेक्सिकोकडचा पाहुणा आपल्या गवताफुलांना जागा ठेवत नाही, त्यामुळे तो तोडला तर टेकडीवरचे निसर्गप्रेमीही शाबासकी देतात. दाबायला इतकं शहाणं फूल नाही. पाकळ्या पातळ, रंग पक्का. ‘कास पठारावरून आण की पोतंभर,’ असं सुचवणारेही भेटतात. तिथं फूल तोडायला बंदी आहे, आणि अशी माणसं आहेत म्हणूनच आहे.

फूल मिळालं की घरचा अध्याय सुरू होतो. पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी होती. पातळ, ओल शोषणारा कागद आणि भरपूर वजन. ती गेली आणि फुलं दाबणाऱ्यांना कुणी वाली उरला नाही. आता घरातलं प्रत्येक जाड पुस्तक माझ्या ताब्यात आहे आणि सगळ्यांच्या वर पाटा. त्यामुळे आमच्याकडे चटणी मिक्सरमध्ये होते आणि पुस्तक उघडताना खाली ताट धरावं लागतं. यंदा ह्यांनी इन्कम टॅक्सची फाइल सीएंच्या टेबलावर उघडली, तर आतून तीन बोगनवेली आणि एक नेचा पडला. सीए सज्जन गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून फक्त विचारलं, ‘हे कशाखाली दाखवायचं?’

टीपकागद संपला म्हणून एकदा वर्तमानपत्र वापरलं. पांढऱ्या जास्वंदीची एक पाकळी मोठ्या मुश्किलीनं अखंड निघाली, पण तिच्यावर उलट्या अक्षरांत छापलेलं होतं, ‘गुरुवारी पाणी बंद’. आरशासमोर धरल्यावर वाचता आलं. ती मी टाकली नाही. पुण्याची आठवण म्हणून परदेशातल्या भाचीला पाठवली आणि तिला तेच कार्ड सगळ्यांत आवडलं.

जून ते सप्टेंबर तर बोलायची सोय नाही. पहिले काही दिवस रोज कागद बदलायचा, नाहीतर फुलाआधी बुरशी फुलते. मग मायक्रोवेव्ह. दोन टाइल्सच्या मध्ये टीपकागद, त्यात फूल, रबरबँड लावून थोडा थोडा वेळ फिरवायचं आणि मध्ये गार होऊ द्यायचं. ही युक्ती उत्तम चालते, फक्त जेवायच्या वेळी करू नये. ह्यांनी झाकण समजून वरची टाइल उचलली आणि ‘आज काय, पानगी?’ म्हणून विचारलं.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये. गुलमोहराला पाच पाकळ्या असतात. चार लालभडक, पाचव्या पाकळीवर पांढरे-पिवळे शिंतोडे. ती पाचवी कार्डावर फार देखणी दिसते. ती चिमट्यानं उचलायची, पाणी घातलेला फेविकॉल ब्रशच्या टोकानं मागून लावायचा, श्वास रोखून कागदावर टेकवायची. हे सगळं पंखा बंद ठेवून, कारण सुकलेल्या पाकळीला वजन असं नसतंच. बाहेर पारा चाळिशीला, आत मी घामानं निथळते आहे, आणि नेमक्या त्या क्षणी घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, ‘अगं, किती उकडतंय, पंखा तरी लाव!’ आणि बटण दाबतं. मायेनं केलेलं असल्यामुळे ओरडताही येत नाही. पाकळ्या सोफ्याखालून गोळा करायच्या.

कागद आणायला अप्पा बळवंत चौकात गेले की दुकानदार वर न बघता विचारतो, ‘कितवीला आहे मुलगा?’ मुलगा नोकरीला लागला, हे मी आता सांगत नाही. ‘सातवी’ म्हणते.

कार्ड हातात पडल्यावर नातेवाइकांची प्रतिक्रिया ठरलेली. आधी नखानं पाकळी खरवडून बघतात, खरी आहे का म्हणून. ती तुटली की खात्री पटते. मग म्हणतात, ‘बरा वेळ मिळतो गं तुला!’ कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, 1955 सालापासूनचं. तिथं लाखाहून अधिक वनस्पती अशाच दाबून, सुकवून, कागदावर चिकटवून ठेवल्या आहेत. सोळाव्या शतकात इटलीत पिसा इथं लुका गिनी नावाचे प्राध्यापक हेच करत होते आणि आजही वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांचं नाव आदरानं घेतात. त्यांना कुणी ‘बरा वेळ मिळतो’ म्हटल्याची नोंद नाही. मी खाली लॅटिन नाव लिहीत नाही, एवढाच काय तो फरक.

गेल्या गणपतीत मी समेटाच्या भावनेनं काकूंना एक कार्ड दिलं. वर दाबलेल्या दूर्वा, खाली गुलमोहराची ती पाचवी पाकळी. काकू खूश. अनंत चतुर्दशीनंतर सहज विचारलं, ‘कार्ड कुठं ठेवलंत?’

‘ठेवते कुठली? दूर्वा होत्या ना त्यावर, बाप्पासमोर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. आणि सुकलेलं फूल घरात ठेवू नये गं. विसर्जनाला घाटावर निर्माल्य कलशात सोडलं. नमस्कार करून हं!’

तक्रार करायला जागाच नव्हती. दिवाळीचं कार्ड मी लॅमिनेट करून दिलं. प्लॅस्टिक निर्माल्यात चालत नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक. त्यांनी ते भाऊबीज होईपर्यंत टीव्हीवर ठेवलं आणि मग कचरा न्यायला येणाऱ्या मावशींपुढे धरलं. मावशींनी उलटसुलट करून पाहिलं. फूल म्हणजे ओला, प्लॅस्टिक म्हणजे सुका. ‘असं एकत्र नाही चालत काकू, वेगळं करून द्या,’ म्हणाल्या आणि बादली घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या.

पाच मिनिटांनी माझ्या दाराची बेल वाजली. काकू कात्री मागायला आल्या होत्या.