साहेब खिशात, लवाजमा बॅगेत

न्यू जर्सीतल्या एका कंपनीत मी तेव्हा पंपांचे सुटे भाग विकत असे. १९९१ साली ह्यूलेट-पॅकार्डने लोटस कंपनीच्या साथीने ‘९५ एलएक्स’ हा खिशात मावणारा संगणक काढला आणि आमच्या मॅनेजरांना आधुनिकतेचा झटका आला. किंमत ६९९ डॉलर, वजन जेमतेम ३०० ग्रॅम, पोटात अख्खं लोटस १-२-३, म्हणजे रकान्यांत हिशेब मांडायचा प्रोग्राम. ‘आता ऑफिस तुमच्या खिशात!’ असं म्हणत त्यांनी सगळ्या विक्रेत्यांना एकेक दिला. ऑफिस खिशात आलं की साहेबही खिशात येतो, हे आम्ही आपलं समजून घ्यायचं.

यंत्र गुणी होतं, खोटं कशाला बोला. दोन पेन्सिल सेलवर चालायचं. ते बदलताना मजकूर पुसला जाऊ नये म्हणून आत बटणाएवढा आणखी एक सेल. दोन्ही एकदम गेले तर मात्र भाव, पत्ते, भेटीच्या वेळा, सगळं कैलासवासी. म्हणून मॅनेजरांचं फर्मान निघालं: रोज संध्याकाळी सगळं मोठ्या संगणकावर उतरवा आणि त्याचाही भरवसा नको, म्हणून कागदावर छापून जवळ बाळगा. झालं! ३०० ग्रॅमच्या साहेबामागे केबल, सेलचे पुडे आणि दरपत्रकाची जाडजूड फाइल असा लवाजमा मी बॅगेतून वाहू लागलो.

खरी गंमत पडद्याची. एका ओळीत ४० अक्षरं, अशा १६ ओळी. आमच्या मालाचं नाव दिसलं की किंमत पडद्याबाहेर. किमतीकडे सरकावं तर नाव गायब. नावाचा रकाना जागच्या जागी गोठवायची सोय होती, पण आमची नावंच इतकी लांबलचक की ती गोठवल्यावर किमतीला जागाच उरेना. त्यात पडद्यामागे दिवा नाही. एकदा दुपारी डायनरमध्ये एक म्हातारे गिऱ्हाईक भाव विचारून बसले. मी यंत्र खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, चष्मा कपाळावर सारला. तेही सज्जन, टेबलावरचा सॉस बाजूला करून माझ्याबरोबर वाकून बघू लागले. वेट्रेस दोनदा येऊन परत गेली.

शेवटी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आमचंच छापील दरपत्रक. त्यांनी भाव वाचला, मी अंगठ्याने तो यंत्रात टाकला आणि ऑर्डर नक्की झाली.

पुढच्या मीटिंगमध्ये ‘खिशातल्या संगणकावर झालेली विक्री’ म्हणून मॅनेजरांनी माझं कौतुक केलं आणि ते यंत्र माझ्याकडे कायमचं ठेवायला सांगितलं.