टायर घेताना ब्रँडच्या आधी ते चार आकडे बघा

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी विचारलं की गाडीचे चारही टायर बदलायचेत, कुठला ब्रँड घेऊ, आणि दहा मिनिटांत ग्रुपवर नुसता पाऊस. एमआरएफ डोळे झाकून घ्या. मिशलिन सोडून दुसरं बघूच नका. आम्ही तीन गाड्यांना ब्रिजस्टोनच घातलेत. पण गाडी कुठली, साइज काय, वर्षाला किती चालते, घाटात जाणं होतं का, आत्ताचे टायर कशाने गेले, हे एकानेही काकांना विचारलं नाही. तिथं लिहायला घेतलं तर फारच लांबायला लागलं म्हणून इथं लिहितेय. मोठं झालंय, पण घरात गाडी असेल तर वाचा.

मी वडापवाल्याची पोरगी आहे. बाबांची जीप कराड-पाटण-कोयनानगर लाइनला एकवीस वर्षं होती. ज्यांना वडाप माहीत नाही त्यांच्यासाठी, यष्टी येईना की माणसं ज्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून गावाला जातात ते वडाप. त्यामुळे टायर हा आमच्याकडे जेवताना बोलायचा विषय, कुठला टायर किती किलोमीटर गेला, कुणाच्या टायरला फुगा आला, कुणी रिमोल्ड (झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर) घालून घाटात माती खाल्ली, हे सगळं ऐकतच मी मोठी झाले. आणि बाबा एकवीस वर्षं एकाच कंपनीचे टायर घालायचे. म्हणून मी पुण्यात पहिली गाडी घेतली, तिचे कंपनीचे टायर झिजले, तेव्हा दुकानात जाऊन दुसरं काही न विचारता तेच नाव सांगितलं. नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण लिहिलं की सगळी चर्चा तिकडंच जाईल, आणि खरं सांगायचं तर दोष त्या कंपनीचा नव्हताच.

ते टायर घेतले नोव्हेंबर 2020 ला. पुढच्या जुलैमध्ये आईला घेऊन चिपळूणला मावशीकडे चालले होते, कुंभार्ली घाट उतरत होते. धुकं, बारीक पाऊस, रस्त्यावर तांबडी माती वाहून आलेली. मी चाळीसच्या आतच होते. एका उजव्या वळणावर हलका ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग सरळ डावीकडं निघाला, स्टेअरिंग वळवलंय पण गाडी ऐकतच नाहीये, ती दोन-तीन सेकंदं मला अजून आठवतात. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. आई काही बोलली नाही, नुसता माझा दंड घट्ट धरून बसली होती, चिपळूण येईपर्यंत सोडला नाही.

चिपळूणला शिरायच्या आधी एक केरळी अण्णांचं टायरचं दुकान लागलं तिथं गाडी घातली. म्हणलं अण्णा टायर बघा, आठ महिनेच झालेत, नक्षी भरपूर आहे, तरी घसरली कशी. त्यांनी नक्षीकडं बघितलंच नाही. टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघितलं, मग टॉर्च घेऊन गाडीखाली घुसले आणि आतल्या बाजूने टायर बघत बसले. बाहेर येऊन म्हणाले, ताई, हा टायर आठ महिन्यांचा नाही, पाच वर्षांचा होत आला. मला विश्वास बसेना. मग मी स्वतः त्या ओल्या जमिनीवर गुडघे टेकून आत डोकं घातलं, तिथं एका लांबट गोलात चार आकडे होते, 4116. म्हणजे टायर बनला तो 2016 सालचा एक्केचाळिसावा आठवडा. मला विकला तेव्हाच तो टायर चार वर्षं गोडाऊनला पडून होता, आणि मी नव्याचे पूर्ण पैसे मोजलेले. रबर कडक झालेलं. नक्षी कितीही खोल असू दे, कडक रबर ओल्या रस्त्याला धरतच नाही.

आणि अजून एक, ते चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आत टाकून टायर बसवला की बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. माझ्या चारही टायरची ती बाजू आत होती. योगायोग असेल असं मला अजिबात वाटत नाही.

घरी आल्यावर बाबांना फोन केला, सगळं सांगितलं आणि जरा रागातच विचारलं की तुम्ही एवढी वर्षं हाच ब्रँड का घालत होता. बाबा म्हणाले, अगं मी कुठं ब्रँड बघत होतो, मी शेठ बघत होतो. कराडात स्टँडजवळ ते शेठ होते, त्यांच्याकडं त्या कंपनीचा माल असायचा. ते उधारीवर द्यायचे हे एक, पण बाबांनी सांगितलेली खरी गोष्ट वेगळीच होती. शेठ कधीकधी टायर द्यायलाच नकार द्यायचे. हा माल बरेच दिवस पडलाय, तुला घाटात जायचंय, पुढच्या आठवड्यात नवा लॉट येतोय तोवर पुढचे मागे टाकून चालव, असं म्हणायचे. म्हणजे हातातलं गिऱ्हाईक परत पाठवायचे. बाबांची निष्ठा त्या माणसावर होती, आणि मी पुण्यात येऊन फक्त नाव उचललं, माणूस तिकडंच राहिला.

हे कळल्यापासून कुणी ब्रँड ब्रँड केलं की मला गप्प बसवत नाही.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय, तिथं आम्हाला सरांनी फायरस्टोनची केस शिकवली होती, तेव्हा ती फक्त परीक्षेपुरती वाटली. अमेरिकेत हेन्री फोर्डने 1906 मध्ये फायरस्टोनचे टायर घेतले तेव्हापासूनची त्या दोन कंपन्यांची जोडी. इतकी घट्ट की 1947 ला फोर्डचा नातू आणि फायरस्टोनची नात यांचं लग्न झालं. ब्रँडवरची निष्ठा म्हणतात ती अजून काय वेगळी असते. आणि त्याच जोडीतल्या फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर उन्हाळ्यात हायवेवर सोलून निघायला लागले, वरचा पट्टाच सुटायचा आणि गाडी उलटायची, अडीचशेच्या वर माणसं गेली. ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत बोलावले. फोर्डने हवेचं प्रेशर कमी सांगितलं होतं, 26 पीएसआय, त्यामुळे टायर जास्त तापायचा असं फायरस्टोनवाले म्हणाले, फोर्डवाले म्हणाले टायरच खराब, आणि मे 2001 मध्ये फायरस्टोनने फोर्डला टायर देणंच बंद केलं. पण मला त्यातलं लक्षात राहिलं ते हे की फायरस्टोनचे सगळे टायर वाईट नव्हते. ठरावीक मॉडेल, ठरावीक साइज, त्यातही इलिनॉयमधल्या डिकेटरच्या एका प्लँटमधून निघालेला बराचसा माल. नाव सगळ्यांवर एकच.

इथंच आपण चुकतो. ब्रँड म्हणजे टायर नव्हे. एकाच कंपनीचा एक टायर मायलेजसाठी बनवलेला असतो, एक ओल्या रस्त्यासाठी, एक नुसता जास्त किलोमीटर टिकावा म्हणून कडक रबराचा, आणि हे तिन्ही एकाच दुकानात एकाच बोर्डखाली टांगलेले असतात. नव्या गाडीबरोबर आलेला टायर तर गाडीच्या कंपनीने आपल्या हिशोबाने मागवलेला असतो, मायलेजचा आकडा चांगला यावा म्हणून. तोच ब्रँड, कधीकधी तेच मॉडेल बाहेरून घेतलं तरी ते गाडीबरोबर आलेल्यासारखंच वागेल असं नाही. मग 'माझा ब्रँड' म्हणजे नक्की काय हो?

आणि मालकी तरी कुणाची. सिएटला आपण आपलं म्हणतो, आहेच आज आपलं, भांडुप नाशिकला कारखाने आहेत, पण नाव आलंय इटलीतल्या तोरिनोहून. फायरस्टोन 1988 पासून ब्रिजस्टोनकडं आहे. आपल्या अपोलोने 2009 ला नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन घेतली. सचिनच्या बॅटवरचं एमआरएफ बघून आमच्या पिढीने टायर घेतलेत, मला त्या स्टिकरबद्दल आजही प्रेम आहे, पण ओल्या घाटात ते प्रेम कामाला येत नाही.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देते. त्याला एकच परदेशी ब्रँड लागतो, आणि त्याच्या गाडीची साइज बाहेरून यायची. जून 2020 मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, परवान्याशिवाय माल येईना, आणि हा पठ्ठ्या पाच महिने गोटा झालेल्या टायरवर फिरला, का तर दुसरा ब्रँड घालणार नाही. नक्षीच्या खोबणीत मधे मधे छोटे उंचवटे असतात, कडेला टीडब्ल्यूआय (झीज दाखवणारी खूण) किंवा छोटा त्रिकोण असतो त्याच्या रेषेत. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली म्हणजे 1.6 मिमी उरली, तिथं टायर संपला. त्याचे उंचवटे रस्त्याला घासत होते. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी. मी त्याच्याशी भांडले, मावशीसमोर भांडले, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

कुणी म्हणेल मग काय, कुठलाही स्वस्तातला घ्यायचा? अजिबात नाही. मी ब्रँडला शून्य किंमत देत नाही. ज्या कंपनीचं सर्व्हिसचं जाळं आपल्या भागात आहे, जिचा माणूस क्लेम बघायला दुकानात येतो, ती कंपनी हवीच. टायरवर आयएसआय मार्क हवाच. म्हणजे चार-पाच नावं अशी असतात की ज्यातलं कुठलंही घेतलं तरी चालेल, ब्रँडचं काम तिथं संपलं, त्यापुढं ज्याची आपल्या साइजमध्ये ताजी तारीख आणि आपल्या रस्त्याला लागणारं मॉडेल मिळेल ते घ्यायचं. मी स्वतः आता सहा महिन्यांपेक्षा जुना टायर घेत नाही, आणि बसवायच्या आधी चारही टायरचे आकडे मोबाइलवर फोटो काढून घेते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा दुकानातला पोरगा हसला, म्हणाला मॅडम एवढं कोण बघत नाही. म्हणलं मी बघते.

साइजच्या पुढचे आकडे पण बघा. माझ्या गाडीला 185/65 आर15 88 एच आहे. त्यातला 88 म्हणजे एका टायरने 560 किलो पेलायचं, एच म्हणजे 210 पर्यंतचा वेग. दुकानदार साइज बरोबर देतो आणि 88 च्या जागी कमीचा टायर देतो, आपल्याला पत्ता नसतो. समृद्धीवर गाड्यांना 120 ची मर्यादा आहे, सिमेंटचा रस्ता, मे महिन्यातलं ऊन, तासन्‌तास एकच वेग, तिथं कमी हवेचा जुना टायर तापून फुटतो. मध्यंतरी आरटीओवाले एंट्रीलाच टायर बघून गाड्या परत पाठवत होते, लोक चिडत होते, मला तर ते फार बरं वाटलं. त्यांनी तरी कुणाचा ब्रँड विचारला नसेल.

हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरला लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोराला 'किती टाकू' म्हणून विचारू देऊ नका, तुम्ही सांगा. आणि दोनच टायर नवे घेतले तर ते मागे बसवून घ्या. सगळे दुकानदार पुढे बसवतात, विचारलं तर म्हणतात गाडी पुढून ओढते ना. पण मागचे टायर सुटले की गाडी फिरते, आणि ती आवरणं आपल्यासारख्याच्या हातात नसतं. कुंभार्लीत मी ते बघून आलेय. माझ्याकडून दोन ठिकाणी या मुद्द्यावर वाद घालून झालाय, एका ठिकाणाहून तर टायर न घेता उठून आले.

22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, त्यामुळे ज्यांनी बदलायचं पुढं ढकललंय त्यांनी आता ढकलू नका. आणि स्वस्त झाला म्हणून मागच्या वर्षीचा पडून राहिलेला स्टॉक कुणी गळ्यात मारत असेल तर तेवढं बघा.

बाबा आता जीप चालवत नाहीत, कराडला एक छोटी गाडी आहे, आठवडी बाजार आणि शेतापुरती. गाडी कमी चालते म्हणून नक्षी अजून भरपूर आहे, पण मागच्या रविवारी बाबांनी स्वतःच गाडीखाली वाकून आकडे वाचले आणि फोनवर मला सांगितले, 2218. मी म्हणलं बाबा, चारही काढायचे. ते म्हणाले, काढू, पण शेठ आता नाहीत, कुणाकडं जायचं. साइज 165/80 आर14 आहे. कराड, ओगलेवाडी, मलकापूर भागात ताजा माल ठेवणारा आणि बसवायच्या आधी आपण न सांगता तारखेची बाजू पुढं करून दाखवणारा कुणी माहीत असेल तर कृपया सांगा, कंपनी कुठलीही चालेल.