मजूर हाकला, मजुरी वाढेल?

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. गोषवारा असा: "शेतात मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची थाप आहे. बाहेरून येणारे स्वस्त मजूर बंद करा, एकदा आले की इथेच ठाण मांडतात. मजुरी आपोआप वाढेल, घरी बसलेले स्थानिक बेरोजगार शेतात उतरतील, उरलेलं काम यंत्रं करतील. नाहीतरी फळं तोडायला अक्कल कुठे लागते?"

वाचताना मान डोलावीशी वाटते, आणि त्यातला एक शब्द मला बराचसा पटतोही. त्याच्याकडे शेवटी येतो. पण यातल्या बहुतेक गोष्टी कुठल्या ना कुठल्या देशाने खरोखर करून पाहिल्या आहेत. पुढे काय झालं त्याच्या नोंदीही आहेत. त्या न बघताच हा मजकूर लिहिलेला दिसतो.

"स्थानिक बेरोजगार शेतात उतरतील"

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात २०११ साली तिथल्या बागायतदारांच्या संघटनेला हंगामासाठी सुमारे ६,५०० माणसं हवी होती. राज्यात तेव्हा जवळपास पाच लाख लोक बेरोजगार होते. परदेशी मजूर आणण्याआधी ते काम स्थानिकांना देऊ करायचं, असा तिथला नियम. त्याप्रमाणे देऊ केलं. रोजगार कार्यालयांमार्फत २६८ जण आले. २४५ जणांना कामावर घेतलं. पहिल्या दिवशी हजर झाले १६३. हंगाम संपेपर्यंत टिकले सात. सातशे नाही, सात.

"आळशी लेकाचे" म्हणून हात झटकता येतील. पण बेरोजगार माणसाच्या जागी बसून हिशेब करा. घरभाडं बारा महिने भरायचं आणि तोडणी चालणार काही आठवडे. शेत घरापासून लांब. पाऊस आला तर खाडा. आणि तेवढ्यात शहरात कायमची नोकरी निघाली तर ती हुकणार. परदेशातून आलेल्याचा हिशेब उलटा असतो. तो कमावतो इथे आणि खर्च करतो तिथे, जिथे त्याच पैशाला कितीतरी पट किंमत आहे. दोन-चार महिन्यांच्या कमाईत त्याच्या घरावर छप्पर चढतं. तो काही जन्मजात जास्त कष्टाळू नसतो. टंचाई आहे ती हंगामापुरतं येऊन पुन्हा निघून जाणं परवडेल अशा माणसांची.

१९६५ चा किस्सा तर याहून रंगतदार आहे. मेक्सिकन मजुरांची योजना नुकतीच बंद झाली होती. मग अमेरिकेचे कामगार मंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी शाळकरी खेळाडूंना उन्हाळ्याच्या सुट्टीत शेतात पाठवायचं ठरवलं. पोरं धडधाकट, जोम भरपूर, आणि घोषणा काय तर शेतकाम माणूस घडवतं! लक्ष्य होतं २०,००० मुलांचं. प्रत्यक्ष शेतात पोचली जेमतेम ३,३००. त्यातल्याही कित्येकांनी ऊन, राहायच्या जागा आणि जेवण पाहून संप केला नाहीतर घरचा रस्ता धरला. पुढच्या वर्षी योजनेचं कोणी नावही काढलं नाही.

कोणी म्हणेल, जुन्या गोष्टी झाल्या. मग २०२० घ्या. महामारीत सीमा बंद, लाखो लोकांचं काम गेलेलं. स्थानिकांनी शेतात यावं म्हणून ब्रिटनने 'पिक फॉर ब्रिटन' मोहीम काढली, खुद्द प्रिन्स चार्ल्सनी आवाहन केलं. पण त्याच वसंतात रोमानियाहून मजुरांची खास विमानं उतरत होती. जर्मनीने मार्चअखेरीस हंगामी मजुरांना सीमा बंद केली आणि आठवडाभरातच माघार घेतली: एप्रिलमध्ये ४०,००० आणि मेमध्ये ४०,००० जणांना येऊ द्यायचं ठरलं. विमानं उडत नव्हती त्या काळात तोडणीवाल्यांसाठी उडाली.

"मजुरी आपोआप वाढेल"

या मजकुराचा कणा हाच. आणि त्याची सगळ्यात मोठी परीक्षा होऊन साठ वर्षं झाली.

१९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेत ब्रासेरो योजना चालली. ब्रासो म्हणजे स्पॅनिशमध्ये बाहू. बाहूंवर पोट असलेला तो ब्रासेरो. या योजनेखाली मेक्सिकन मजुरांशी एकूण ४६ लाखांच्या आसपास करार झाले. १९५० च्या दशकाच्या मध्यात वर्षाला चार लाखांवर माणसं येत होती. १९६४ च्या अखेरीस योजना बंद केली. कारण नेमकं हेच दिलं होतं की यामुळे स्थानिक शेतमजुरांची मजुरी पडते.

मायकेल क्लेमेन्स, एथन लुइस आणि हॅना पोस्टेल या तीन संशोधकांनी जुन्या नोंदी काढून राज्यागणिक तुलना केली. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. ज्या राज्यांत ब्रासेरो भरपूर होते तिथली मजुरी योजना बंद झाल्यावर झपाट्याने वाढायला हवी होती. जिथे ब्रासेरो नव्हतेच तिथल्यापेक्षा ती वेगाने वाढल्याचं दिसलं नाही. बागायतदारांनी दुसऱ्या वाटा काढल्या. ज्या पिकाला यंत्र तयार होतं तिथे यंत्र आणलं. जिथे नव्हतं तिथे पीकच कमी केलं: ॲस्पॅरॅगस (कोवळे कोंब खायची भाजी), ताजी स्ट्रॉबेरी, लेट्यूस. मजूर महाग झाला की शेतकरी जास्त पैसे मोजेलच असं नाही. तो पेरणंच सोडू शकतो. हे या मजकुराच्या गणितात कुठेच धरलेलं नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सप्टेंबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानोत द्राक्षमळ्यांवर संप सुरू झाला. आधी लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजूर उठले, मग सेझार चावेझ यांची संघटना सामील झाली. ब्रासेरोंचा आयता पुरवठा चालू असता तर हा संप मोडणं मालकांना बरंच सोपं गेलं असतं. तेवढ्यापुरता मजकूरवाल्यांचा मुद्दा खरा. पण मालकांनी करारावर सह्या केल्या १९७० मध्ये, पाच वर्षांचा संप आणि देशभरच्या द्राक्षबहिष्कारानंतर. याला 'आपोआप' म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

"उरलेलं काम यंत्रं करतील"

काही पिकांत करतातच. टोमॅटोचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच. कॅलिफोर्निया विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राला सोसेल असा टोमॅटो तयार केला: जाड सालीचा, एकदम पिकणारा. कोबी लॉरेन्झन यांनी यंत्र तयार केलं. म्हणजे आधी फळ बदललं, मग यंत्र चाललं. १९६० चं दशक संपेपर्यंत डबाबंद मालाचा तिथला जवळजवळ सगळा टोमॅटो यंत्राने निघू लागला. आणि टोमॅटो पिकवणारे शेतकरी सुमारे ४,००० होते ते १९७३ पर्यंत ६०० च्या घरात आले. यंत्राने मजूर हटवले, त्यांच्या मागोमाग लहान शेतकरीही हटवला. हा उत्तरार्ध मजकुरात नसतो. आणि बाजारात ताजा विकायचा टोमॅटो? तो अजून मोठ्या प्रमाणावर हातानेच तोडतात.

"अक्कल कुठे लागते?"

लिहिणाऱ्याने पांढऱ्या ॲस्पॅरॅगसच्या वाफ्यावर एक सकाळ काढावी. कोंब मातीच्या उंच वरंब्याखाली वाढतो, वर काहीच दिसत नाही. मातीला बारीक तडा गेलेला हेरायचा. तिथे दोन बोटं घालून कोंबाभोवतीची माती अलगद उकरायची, शेजारी दुसरा कोंब असतो त्याला धक्का न लावता. मग लांब पात्याचं हत्यार खाली घालून वीतभर खोलीवर, न बघता, एका झटक्यात कापायचं. मोडला तर भाव पडला. शेवटी खड्डा बुजवून माती थापीने गुळगुळीत करायची, कारण उजेड लागला की पुढचा कोंब रंग बदलतो. मग पुढचा तडा. हे दिवसभर, कमरेत वाकून.

स्ट्रॉबेरीला तर फळाला बोट दाबायचीही सोय नाही. देठ चिमटीत धरून मनगटाने मुरडायचा, हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे, आणि फळ थेट विक्रीच्या डबीत. दुसऱ्यांदा हात लागला की डाग. काम बहुधा अंगावर, म्हणजे जितक्या डब्या तितके पैसे. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात रडकुंडीला येतो तो ऊन लागतं म्हणून नाही. शेजारच्या सरीतला जुना गडी दुप्पट डब्या भरताना दिसतो म्हणून. बागायतदार दरवर्षी तीच माणसं परत मागतात त्याचं कारणही हेच.

"स्वस्त मजूर"

मला बराचसा पटलेला शब्द हा. फक्त तो चुकीच्या जागी लावलाय.

अमेरिकेच्या हंगामी शेती व्हिसावर, ज्याला एच-२ए म्हणतात, माणूस आणायचा तर मालकाला सरकारने ठरवलेला किमान दर द्यावा लागतो, राहायची जागा फुकट द्यावी लागते, येण्याजाण्याचा खर्चही. म्हणजे कागदावर तो स्थानिकापेक्षा स्वस्त पडत नाही. तरी या व्हिसाखाली मंजूर जागा २००५ मध्ये ४८,००० च्या आसपास होत्या, त्या २०२३ मध्ये पावणेचार लाखांवर गेल्या. का? एक कारण वर आलंच, हंगामापुरती दुसरी माणसं मिळत नाहीत. दुसरं कोणी मोठ्याने बोलत नाही: हा व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. पटलं नाही तरी, नव्या मालकाने रीतसर अर्ज केल्याशिवाय, शेजारच्या मळ्यावर जाता येत नाही. मालकाने काढलं तर कामासोबत खोलीही जाते आणि थोड्याच मुदतीत देशात राहायचा हक्कही. त्यात गावाकडे दलालाला द्यायला कर्ज काढलेलं असेल तर तोंड उघडायची बिशाद कोणाची? हा मजूर मालकाला सोयीचा पडतो तो बांधलेला असतो म्हणून. आणि बांधलेल्या माणसाशेजारी काम करणाऱ्या स्थानिकाचीही घासाघीस करायची ताकद जाते.

म्हणून मागायचंच असेल तर मालक बदलायची मुभा मागा, दलालीचा खर्च मालकावर टाकायला लावा, खोल्यांची तपासणी मागा. भाव भडकतील ही भीतीही फुगवलेली आहे. डॅनियल कोस्टा आणि फिलिप मार्टिन यांनी २०२० मध्ये अमेरिकेसाठी हिशेब मांडला होता: शेतमजुरांची मजुरी ४० टक्क्यांनी वाढवली आणि तो सगळा बोजा ग्राहकावर टाकला, तरी एका कुटुंबाचा फळं-भाज्यांचा खर्च वर्षाला सुमारे २५ डॉलरने वाढेल. दुकानातल्या किमतीत तोडणाऱ्याचा वाटा मुळात तेवढाच लहान असतो.

राहता राहिलं "एकदा आले की इथेच ठाण मांडतात." कॅनडाची हंगामी शेतमजूर योजना १९६६ मध्ये जमैकाच्या मजुरांपासून सुरू झाली आणि आजही चालू आहे. तिच्यावर वीस-वीस हंगाम एकाच मळ्यावर आलेली माणसं आहेत. मुदत जास्तीत जास्त आठ महिने. १५ डिसेंबरच्या आत देश सोडायचा, मग विसावा हंगाम असो की पहिला.