मासा हमखास सुटावा म्हणून

अंदमानला जाऊन सेल्युलर जेल, राधानगर बीच आणि नारळपाणी एवढ्यावर भागवणारे ते पर्यटक. तुम्ही त्यांतले नाही. तुम्ही अख्खी बोट ठरवून खोल समुद्रात गरवायला जाणार, आणि तेही कुपा-सुरमईसाठी नव्हे, थेट जीटीसाठी. जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हॅली. चांदीच्या परातीला शेपूट आणि खुनशी स्वभाव जोडला की जे होईल ते. या माशाचा जागतिक विक्रम ७२.८ किलोचा आहे, जपानमध्ये २००६ साली झालेला. वीस किलोचा लागला तरी पुढची दहा वर्षे सोसायटीच्या गणपतीत ऐकवता येतो. असा मासा मुळात लागूच नये, लागलाच तर सुटावा, आणि सुटल्याचा दोष तांडेलाच्या माथी जावा, यासाठी मात्र शिस्तीने तयारी करावी लागते.

पहिले काम तारखांचे. अंदमानात गरवण्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते एप्रिल, आणि त्यातही वारा पडलेले फेब्रुवारीनंतरचे दिवस बरे. तुम्ही मात्र शिल्लक रजा, मुलांची सहामाही आणि विमानाचे स्वस्त तिकीट या तिघांचा लसावि काढा. तिथीकडे बघूच नका. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगेल. पण आपण पडलो शिकलेले. पाणी चालू असले की लहान मासळी खडकाच्या कडेवर ढकलली जाते आणि जीटी तिथे दबा धरून बसतो. पाणी थांबले की तोही थांबतो. बोटीचे पैसे भरल्यावर पाण्याने का थांबावे, हा तुमचा प्रश्न रास्तच आहे.

पहिल्या दिवशी नऊ वाजता एखाद्या खडकाशी मासे उसळलेच, तर दुसऱ्या दिवशी "बरोबर नऊला तिथेच न्या" असा हट्ट धरा. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे नऊ वाजता तिथे शांत निळे पाणी असेल. दहाला दहा मिनिटे कमी असताना मासे येतील, तोवर तुम्ही कंटाळून "दुसरीकडे चला" म्हणालेले असाल. तांडेल एका शब्दाने बोलणार नाही. तो मायाबंदरकडचा, करेन जमातीचा असेल, बंगाली किंवा तेलुगू असेल. हिंदी तिथे सगळ्यांनाच येते. तरीही त्याला सूचना इंग्रजीतच द्या, आणि त्या यूट्यूबवरून घ्या.

आता सामान. रॉड सात-आठ फुटी, जोड असलेला, नळकांड्यात घालून न्यायचा असतो. पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारे खोटे आमिष, आणि गळ मात्र केबिन बॅगेत ठेवा. सुरक्षा तपासणीत बोटाएवढे तिहेरी गळ काढून घेतले जातील आणि सहलीच्या पहिल्याच अपयशाचे खापर सरकारवर फोडता येईल. तेवढ्याने समाधान झाले नाही तर परदेशातल्या भाच्याकडून उपग्रहावर चालणारा संदेशक मागवा. विनापरवाना असे यंत्र बाळगणे भारतात गुन्हा आहे, आणि विमानतळावर ते सापडले की उरलेली सहल कोणत्या इमारतीत काढायची हा निर्णय तुमच्याकडे राहत नाही.

दोर 'पीई ८' जाडीचा ब्रेडेड, म्हणजे विणलेला (बोलीत नुसता 'ब्रेड'), तीनशे मीटर. तो चाळीस किलोच्या आसपासचा ताण सोसतो. त्याच्या टोकाला दीड-दोन मीटरचा जाड लीडर, म्हणजे खडकाला घासला तरी टिकणारी नायलॉनची दोरी. या दोन्हींमधली गाठ ही साऱ्या खटाटोपाची नस आहे, म्हणून तिच्यावर सर्वांत कमी वेळ घालवा. जाणकार मंडळी इथे 'एफजी' गाठ मारतात. ब्रेडचे आलटूनपालटून वीसेक वेढे लीडरवर घ्यायचे, पाण्याने ओले करायचे, मग ब्रेडचा रंग काळपट दिसेपर्यंत दोन्ही बाजूंनी जीव खाऊन ओढायचे, आणि वरून अर्ध्या गाठींनी बंद करायचे. वेढे लीडरमध्ये रुतले नाहीत तर पहिल्याच हिसक्याला सगळी गाठ मोजा उतरावा तशी सरकून येते. तुम्ही रात्री गप्पा मारत आठ-दहा वेढे घ्या, हलकेच ओढा आणि "बसली" म्हणा. सकाळी खलाशाने गाठ तपासायला मागितली तर अपमान वाटून घ्या.

ड्रॅगबद्दल, म्हणजे पळता दोर अडवणाऱ्या रीलच्या ब्रेकबद्दल, मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण जास्तीत जास्त मासे इथेच वाचतात. दोराच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणजे बारा-तेरा किलोचा ड्रॅग लावायचा असतो. बॅगा तोलायचा सव्वादोनशे रुपयांचा काटा दोराला अडकवून ओढले की आकडा कळतो. काटा नेऊ नका. दोर हाताने ओढून पाहा. बोटांना काचला की माणसाला "झाले वाटते दहा किलो" असे वाटते, तेव्हा तो बहुधा चारच असतो. चार किलोवर जीटी तुम्हाला हिशेबातही धरत नाही. तो तोंड फिरवतो, प्रवाळाच्या कपारीत शिरतो, आणि ब्रेडेड दोर प्रवाळाला नुसता टेकला तरी तुटतो. पहिली पंधरा-वीस सेकंदे त्याला खडकापासून अडवून धरले तरच पुढची गोष्ट.

याच्या उलट वागायचे असेल तर तीही सोय आहे. दोर बराच पळून गेला की घाबरून ड्रॅगची चकती आणखी आवळा. स्पूलवर दोर कमी उरला की ड्रॅग आपोआप वाढतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की तोच ड्रॅग दुप्पट. त्यात तुमचे आवळणे मिळाले की फटकन आवाज येईल. तेव्हा "दोरच डुप्लिकेट" असे म्हणण्याची प्रथा आहे.

बोटीच्या दिवशी पहाटे साडेचारला भरपेट खा. आदल्या रात्रीची कांदाभजी असल्यास उत्तम. अव्होमिनची गोळी झोपण्यापूर्वी एक आणि निघण्याच्या तासभर आधी एक घेतली तर पोट ताळ्यावर राहते, म्हणून ती खिशातच ठेवा आणि पहिली उलटी झाल्यावर घ्या. दुसरीबरोबर ती जशीच्या तशी परत मिळेल. क्षितिजाकडे पाहत, बोटीच्या मध्याला मोकळ्या हवेत उभे राहिले की मळमळ कमी होते. त्याऐवजी इंजिनाच्या धुराशेजारी बसून, रेंज असेतोवर, व्हॉट्सॲपवरच्या सुप्रभातांना उत्तरे द्या. डब्यात केळी न्यायला विसरू नका. केळ्याने मासा लागत नाही अशी परदेशी गरवणाऱ्यांची जुनी समजूत आहे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ चढतो, केळ्याचे कुणाला वावडे नाही; तरी मासा न लागण्याचे एक कारण हाताशी असलेले बरे.

पॉपर म्हणजे शंभर ते दोनशे ग्रॅमचे, पुढून खोलगट तोंडाचे लाकडी किंवा प्लास्टिकचे धूड. ते फेकायचे, रॉड कमरेतून झटकून 'डब्ब' असा आवाज काढायचा, क्षणभर थांबायचे, सैल दोर गुंडाळायचा, पुन्हा 'डब्ब'. असे दिवसाला दोनेकशे वेळा. तुम्ही पहिल्या पंधरा मिनिटांत सर्व ताकद लावून चाळीस फेका, म्हणजे खांदा गेला आणि उरलेला दिवस सावलीत. फेकण्यापूर्वी मागे पाहू नका. मागे तुमचे मेहुणे उभे असतात. गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केले असतील तर मेहुण्यांच्या कानातून गळ आला तसा मागे निघतो; न दाबलेला असेल तर बोल्ट कटर, डॉक्टर आणि सासरचे संबंध, सगळेच आले. म्हणून काटे दाबू नका. फेकून झाल्यावर रीलची कमान हाताने न मिटता हँडल फिरवून मिटा. स्पूलवर एक सैल वेटोळे राहते आणि चार फेकींनंतर त्याचा पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता होतो. तो सोडवताना नेमका जीटी बोटीखालून जातो.

पाण्यात स्फोट झाल्यासारखे होईल, तोच क्षण. जीटी पॉपरवर आदळतो, पण पहिल्या झडपेत तो तोंडात येतोच असे नाही. हाताला वजन लागेपर्यंत 'डब्ब' चालू ठेवायचे असते. तुम्ही ते पाणी उडताना पाहताच किंचाळून रॉड मागे खेचा. पॉपर माशाच्या तोंडासमोरून उडून तुमच्याच दिशेने येईल. एवढे करूनही मासा लागला तर रॉड आकाशाकडे उभा धरा. क्रिकेटमध्ये शतक झाल्यावर बॅट धरतात तसा. रॉडची ताकद बुंध्याकडच्या भागात असते. तो उभा केला की सगळा भार शेंड्यावर जातो आणि रॉडचे तीन तुकडे होतात. नाहीतर रॉड बोटीच्या काठावर टेकवून दम खा, तुकडे तिथेही होतात. त्यातूनही निभावले तर खलाशाला "जरा धर, व्हिडिओ काढतो" म्हणून रॉड द्या. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दुसऱ्याने रॉडला हात लावला की तो मासा विक्रमासाठी बाद. म्हणजे विक्रम हुकल्याचा दावा करायला तुम्ही पात्र झालात.

काही अभागी लोकांचा मासा तरीही बोटीपाशी येतो. त्यांनी तो कल्ल्यांत हात घालून उभा टांगावा, फळीवर आपटू द्यावा आणि पाच मिनिटे फोटो काढावेत. पोटाखाली ओला हात आणि शेपटीच्या देठाला पकड, अर्धा मिनिट पाण्याबाहेर, मग डोके प्रवाहाकडे करून तो स्वतःहून शेपूट मारेपर्यंत धरायचे, हे सगळे खलाशी करत असतो. त्याला मध्ये येऊ देऊ नका. वजनासाठी घेर आणि लांबी इंचांत मोजून, घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले आठशे केले की पौंड येतात. हा हिशेब तांडेल करेल. तो पौंडात सांगेल, तुम्ही घरी किलोत सांगा.

मग खरा मराठी प्रश्न येतो: याचे काप करायचे की कालवण? जीटी सोडून द्यायचा असतो, असे तांडेल म्हणेल. त्यामागे दयेपेक्षा शहाणपण जास्त आहे. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातले सिग्वाटॉक्सिन नावाचे विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जाते. चवीला कळत नाही, तळून जात नाही, बर्फातही मरत नाही. बाधलेल्याला गार पाणी हाताला चटके देते. खायलाच हवे तर मोकळ्या पाण्यातला मध्यम कुपा घ्या. पण तोही लगेच रक्त काढून समुद्राचे पाणी मिसळलेल्या बर्फात घालायचा असतो, म्हणून तुम्ही दुपारभर फळीवर ठेवा. उन्हात त्यात हिस्टामिन होते, तेही शिजवून जात नाही, आणि रात्री अंगावर गांधी उठल्या की "हॉटेलचे तेल" हे कारण तयार असते.

परवानगीच्या भानगडीत वेळ दवडू नका. वंडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ पासून आहे, तिथे मासेमारी बंद. आदिवासींच्या नॉर्थ सेंटिनेल बेटाभोवती पाच सागरी मैलांत जायला बंदी, १९५६ च्या कायद्याखाली. "जरा लांबून दाखवा की" असे तांडेलाला म्हणून पाहा. तो हसेल, आणि त्यानंतर दिवसभर हसणार नाही. बॅरन बेटाचा ज्वालामुखी मात्र लांबून दिसतो. सुमारे १३५ किलोमीटर जाऊन तिथे खोलात दोन-तीनशे ग्रॅमचे जिग, म्हणजे धातूचे आमिष, सोडून डॉगटूथ कुपा गरवतात. तिथे पोहोचल्यावर "आता परत चला, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो आहे" असे म्हणण्यात खरा दर्दी दिसतो.

शेवटच्या दिवशी बक्षिसीची वेळ येते. दहा तास उन्हात बोट लाटेला आडवी धरून ठेवणाऱ्या माणसाला पाचशेची नोट द्यायची की दोनशेची, यावर बायकोशी मराठीत मोठ्याने चर्चा करा. अंदमानात मराठी पर्यटक इतके येतात की तांडेलाला आकडे नक्की कळतात.

घरी आल्यावर रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन, वाळवून, ड्रॅग सैल करून ठेवायचे असते. तुम्ही आधी ते गाडी धुण्याच्या जोरकस फवाऱ्याखाली धरा, म्हणजे बाहेरचे मीठ आत बेअरिंगपर्यंत जाईल. मग ड्रॅग घट्ट आवळा, चकत्या एकमेकींना चिकटू द्या, आणि माळ्यावर दिवाळीच्या कंदिलाशेजारी ठेवून द्या. पुढच्या डिसेंबरात हँडल फिरणार नाही. तेव्हा टाकायचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू आत्ताच लिहून ठेवा, नंतर रागात ऱ्हस्व-दीर्घ चुकतात.