वहिनी, दात कुठायत?

परवा दुपारी माझ्याकडे एक निरोप देऊन ठेवला गेला. तो मी अजून पोचवलेला नाही, पोचवणारही नाही. निरोप असा: "साहेबांना सांगा, मशीन चांगलंय त्यांचं."

मशीन माझं आहे. पैसे माझे, हौस माझी, नखांत बसलेला काळा गाळ माझा, आणि उशीच्या अभ्र्याला दोन रात्री येतोय तो तेलाचा वास माझ्याच डोक्याचा. साहेबांनी घरी आल्यावर एवढंच विचारलं होतं की "हे इथेच राहणार का?"

दगड कापायचं मशीन, सेकंडहँड. १४ इंची गोल पातं, खाली तेलाची टाकी, वर पत्र्याचं झाकण, आत दगड धरून ठेवणारा शिकंजा आणि त्याला इंच इंच पात्याकडे सरकवणारा लांब स्क्रू. विकणारे गृहस्थ फोनवर म्हणाले, "चालू कंडिशन आहे, एकहाती वापरलंय." दुसऱ्या हाताचं काय झालं ते विचारायचं मी टाळलं. पुली, मोटर वगैरे विचारायला लागले तर म्हणाले, "साहेबांना द्या ना फोन, त्यांना टेक्निकल सांगतो." साहेब तेव्हा दिवाणावर पडून पायाच्या अंगठ्याने पंख्याचं बटण दाबता येतं का ते बघत होते.

दगड का कापायचे, हे मी आता समजावून सांगणार नाही. ज्यांना ओढ्यात उतरल्यावर खिसे जड केल्याशिवाय वर येता येत नाही, त्यांना सांगायला नको. बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. अकीक, म्हणजे आत पट्ट्यापट्ट्यांची नक्षी असलेला दगड, हातोडीने फोडला तर काचेसारखे कपचे उडतात आणि आतली नक्षी जाते. चाकूचं पोलाद त्याच्यावरून नुसतं घसरतं, कारण खनिजांचे अभ्यासक मोस साहेबांनी १८१२ साली कठीणपणाची जी पट्टी केली तिच्यात पोलाद साडेपाचच्या आसपास, अकीक सातच्या आणि हिरा दहावर. म्हणून हिऱ्याचं पातं. म्हणून हे धूड.

धूड टेम्पोतून उतरवायला एक मामा आले होते. चालक "तासाभरात येतो, दुसरी एक खेप आहे" म्हणून निघून गेला आणि मामा माझ्या पदरात पडले ते चार तास. सव्वाशे किलोचं लोखंड त्यांनी दोन पाइपांवरून सरकवत एकट्याने मागच्या खोलीत आणलं, हे आधी मान्य करते. मग त्यांनी माझी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, साहेब कवा येणार?"

आता हे 'वहिनी' प्रकरण. ताई म्हटलं की माणूस तुमच्याशी थेट नातं जोडतो. मावशी, काकू म्हटलं की वय काढतो, तेही चालेल. पण वहिनी म्हणणारा आधी मनातल्या मनात तुमच्या न पाहिलेल्या नवऱ्याला भाऊ करतो आणि मग त्याच्या खात्यावर तुम्हाला जमा करून घेतो. हार्डवेअरच्या दुकानात मी पाऊण इंची वॉशर मागते आणि दुकानदार उत्तर माझ्यामागे उभ्या असलेल्या माणसाला देतो. तो माणूस सज्जन आहे, पण त्याला पाना आणि पक्कड यांतला फरक 'ते तोंडवालं' आणि 'ते दुसरं तोंडवालं' एवढाच माहीत आहे. आम्ही दोघं यावर हसतो. मी दर वेळी मनापासून हसते असं नाही.

असो. साहेब येणार नाहीत, मशीन मीच लावणार आहे, असं मी सांगितलं. मामांनी मान हलवली. पटल्याची नव्हे, पुढे काय होतं ते बघायला मिळणार म्हणून. मी झाकण उघडलं. ते उठून आले, वाकले, पात्याच्या कडेवरून लांबूनच नजर फिरवली आणि डॉक्टरने एक्स-रे बघून सोडावा तसा सुस्कारा सोडला.

"वहिनी, फसलात."

"का?"

"दात कुठायत?"

"याला दात नसतात, मामा."

"करवतीला दात नसतात?"

"ही कापत नाही, घासते. काठाला हिऱ्याचा चुरा बसवलेला असतो."

मामा एकदम ताठ झाले. मागे खोलीच्या दाराकडे बघितलं, आवाज उतरवला. "हिरा?"

"अगदी बारीक असतो. कारखान्यात बनवलेला."

"पण हिराच?"

"हो, हिराच."

मामांनी जरा विचार केला. "म्हणजे हिऱ्यानं दगूड कापायचा."

"हो."

"उलटं ऐकलं होतं मी. दगड फोडायचा, हिरा काढायचा."

"तसंही करतात."

"मग ह्यात सापडतो का?" त्यांनी कोपऱ्यातल्या माझ्या ढिगाकडे बोट केलं.

"नाही."

"मग काय बघायचं कापून?"

"आतून कसा आहे ते."

"आन दिसलं की?"

"मग दुसरा कापायचा."

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मला राहवेना, म्हणून मी इजिप्तची गोष्ट काढली: हजारो वर्षांपूर्वी तिथले कारागीर बिनदातांच्या तांब्याच्या पात्याखाली वाळू टाकून ग्रॅनाइट कापायचे, काम वाळूचे कणच करायचे, पातं फक्त त्यांना पुढेमागे ओढायचं. चांगली रंगवून सांगितली. मामा म्हणाले, "मग वाळूच घ्यायची की. हे कशाला आणलं?"

मी पाना उचलला.

पात्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. पातं फिरतं तेव्हा प्रत्येक हिऱ्याच्या पाठीमागे धातूचा बारीक टेकू राहतो. पातं उलटं फिरवलं तर टेकू पुढे येतो, हिरा उघडा पडतो आणि निखळतो. माझ्या आधीच्या एकहाती मालकांनी पातं बाण चुकवून बसवलं होतं, म्हणून मधला मोठा नट सोडायचा होता. मी जोर लावला. गंजाचं तेल सोडलं, वाट बघितली, पुन्हा जोर लावला. पान्याला पाइप जोडून त्यावर लोंबकळले. नट जागचा हलेना.

बादलीवरून आवाज आला, "आवळा."

"मामा, सोडायचाय मला."

"मग आवळा की."

"आवळल्यावर कसा सुटेल?"

"सायकलीचं डावं पायडल सोडलंय का कधी? त्याचं आटे उलटं असत्यात."

मी उलटीकडे पाना फिरवला आणि नट सुटला. एका मनगटात. फिरताना पात्याच्या ओढीने नट आपोआप आवळला जावा म्हणून असे आटे ठेवतात, हे मी वाचलेलं होतं. आदल्या रात्रीच वाचलं होतं. मामांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "व्हय व्हय," आणि हे दोन शब्द मला त्या दिवशी सगळ्यांत जास्त लागले.

मग टाकी. 'तेल भरूनच देतो' याचा अर्थ निम्म्या टाकीत दगडाचा गाळ बसलेला होता, कुंभाराच्या चिखलासारखा, फक्त काळा. तो मोरीत सोडायचा नसतो, पाइपात जाऊन दगड होतो. खरवडून काढायचा, तेल निथळू द्यायचं आणि घट्ट बांधून वेगळा टाकायचा. त्यासाठी बादली लागते, आणि बादलीवर कोण होतं ते सांगितलंच आहे. दोनदा सुचवून पाहिलं. शेवटी रद्दी अंथरली आणि टाकीखालचा नट काढायला जमिनीवर पालथी पडले. पालथं पडल्यावर मला जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनचे कारागीर आठवले. पाण्यावर फिरणाऱ्या प्रचंड वालुकाश्माच्या चाकांपुढे ते असेच पोटावर पडून अकीक घासायचे, आयुष्यभर. त्यांना निदान वरून कुणी "वहिनी, पदर सांभाळा" असं सांगत नसणार. मी ट्रॅकपँट घातली होती.

तेल कुठलं घालायचं यावर विकणाऱ्याचा सल्ला होता डिझेल. मोटर, झाकलेली पेटी, हवेत तेलाचे तुषार आणि डिझेल! मी पांढरं मिनरल ऑइल आणलं होतं, सहज पेट न घेणारं. पातं त्यात जेमतेम अर्धा-पाऊण इंच बुडलं पाहिजे. फिरताना तेवढंच तेल ते वर घेऊन जातं. "एवढं तेल कशाला? कोरडंच चालवा की," मामा म्हणाले. मी सांगितलं की कोरडं कापलं तर पातं जळतंच, पण दगडाची बारीक धूळ छातीत बसते आणि त्याने होणारा सिलिकोसिस बरा होत नाही.

"आमचा थोरला खाणीवर होता," मामा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत. मी त्यांना एक मास्क दिला. त्यांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला.

शिकंजा पात्याला समांतर सरकतो का, ते तपासायला पात्यावर मार्करने ठिपका काढायचा, शिकंज्याला एक टोकदार तार बांधायची आणि ठिपका व तार यांच्यातलं अंतर पुढे आणि मागे मोजायचं. दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे, नाहीतर पातं हळूहळू वाकून ताटलीसारखं होतं. माझा फरक मिलीमीटरला थोडा कमी निघाला. घरात त्या जाडीचं काही मिळेना, म्हणून शिकंज्याच्या पट्टीखाली नवऱ्याची तीन व्हिजिटिंग कार्डं घातली. त्यामुळे साहेबांचा हातभार अगदीच नाही असं म्हणता येणार नाही.

सगळं जुळलं. मी गॉगल लावला, मास्क लावला, झाकण टाकलं, बटण दाबलं.

काय झालं ते नंतर कॅलेंडरच्या मागे गणित करून कळलं. मोटरचे मिनिटाला १४४० फेरे. मोटरला ३ इंची पुली आणि पात्याला ५ इंची असती तर पात्याला ८६४ फेरे मिळाले असते. एकहाती मालकांनी पुल्या उलट बसवल्या होत्या. पातं २४०० फेऱ्यांनी सुटलं. काठाचा वेग ताशी ५८ किलोमीटर हवा, तो १६० झाला. झाकणाचं रबर कधीच झिजून गेलेलं, त्या फटीतून तेलाचा जो फवारा निघाला तो आधी भिंतीवर, मग छतावर आणि मग मी बटण शोधत पुढे वाकले तेव्हा माझ्या भांगात. मामा दाराआड होते. दाराआड कधी गेले, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्यावर थेंबसुद्धा नव्हता.

आवाज थांबल्यावर त्यांनी डोकं आत घातलं.

"डोक्याला तेल लावायचं तर सावकाश लावायचं, वहिनी."

मला हसू आलं नाही. आता लिहिताना येतंय, थोडंसं. पण चीड मामांची नव्हतीच. कुणीतरी आपल्या खोलीत उभं राहून या पुल्या उलट बसवल्या, पातं उलट बसवलं, एकदा बटण दाबलं, भिंतीवरून तेल पुसलं आणि मग फोनवर शांतपणे 'चालू कंडिशन' म्हटलं. आणि टेक्निकल गोष्टी साहेबांना सांगतो म्हटलं! त्या माणसाला मी फोन केला होता. "असं कसं होईल, तुम्हीच काहीतरी फिरवलं असेल," असं म्हणून त्याने ठेवून दिला.

पुल्यांची अदलाबदल केली, पट्टा तोच बसला. फटीत जुन्या टायरची ट्यूब कापून घातली. मग विटेचा तुकडा दोनतीनदा कापला. मामांना तो माझ्या अधोगतीचा पुढचा टप्पा वाटला असावा, पण गुळगुळीत झालेल्या पात्यावर नवे हिरे उघडे करायला खरखरीत वीट चालते. आणि मग दगड. अकरा वर्षं जपून ठेवलेला, मुठीएवढा, अंगावर खळगे, हातात घेतला की वजनावरून आत काहीतरी आहे असं सांगणारा. लाकडी पाचरी ठोकून शिकंज्यात घट्ट धरला. कापताना दगड हलला की पातं गेलंच म्हणून समजा.

पस्तीस मिनिटं लागली. मामा बादली पुढे ओढून बसले होते. झाकण बंद, बघण्यासारखं काही नाही, नुसती घरघर. तरी ते हलले नाहीत. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला तेव्हा "थांब रं!" असं ओरडले. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरघर बदलली, टक् असा आवाज आला. बटण बंद केलं, तुषार बसेपर्यंत थांबले, झाकण उघडलं. दोन अर्धुकं. काप आरशासारखा सरळ. मी तेल पुसलं.

राखाडी. कडेपासून कडेपर्यंत राखाडी. ना पट्टा, ना स्फटिक, ना एखादं छिद्र. मामांनी एक अर्धुक उचललं, उजेडात धरलं, आतून बघितलं, उलटं करून बाहेरून बघितलं, पुन्हा आतून बघितलं.

"वहिनी, हे बाहेरूनच दिसत होतं की."

मग ते अर्धुक त्यांनी शर्टाला पुसून मास्कच्याच खिशात टाकलं. "नातवाला दावतो, हिऱ्यानं कापलाय म्हणून." विचारलं नाही. मी पण काही बोलले नाही. राखाडी दगडाच्या अर्ध्या तुकड्यासाठी भांडायचं कसं? दारातून वळून त्यांनी तो निरोप दिला आणि गेले.

बादली मोकळी झाली. ती आता टाकीखाली आहे, कारण पालथं पडून बसवलेल्या त्या नटाचा वॉशर गळतोय. पाऊण इंची हवाय. उद्या दुकानात जायचंय.